न्यूहेवनपर्यंतचे पावणेपाच किलोमीटर

१४ मार्च २०१९ रोजी एडिंबराच्या महापालिकेत मतदान झाले. यॉर्क प्लेसला येऊन थांबलेली ट्राम पुढे लीथ बंदरातून समुद्रकाठच्या न्यूहेवनपर्यंत न्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. बाजूने ३६ मते पडली, विरोधात २६. अंतर ४.६९ किलोमीटर, नवे थांबे आठ आणि खर्च २० कोटी ७३ लाख पौंड, म्हणजे आजच्या दराने दोन हजार कोटी रुपयांच्या वर. विरोधकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. शहरातल्या पहिल्या ट्राममार्गाचा खर्च हाताबाहेर का गेला, याची न्यायालयीन चौकशी तेव्हा सुरूच होती. तिचा अहवाल हाती येण्याआधी नवे कर्ज कशाला काढायचे, असे ते विचारत होते.

लीथच्या लोकांना ट्राम नवीन नव्हती. १९०५ पासून लीथमध्ये विजेवरच्या ट्राम धावत होत्या. शेजारच्या एडिंबरात मात्र रस्त्याखालून फिरणाऱ्या लोखंडी दोराने ओढल्या जाणाऱ्या केबल ट्राम होत्या. दोन्ही गावांची हद्द पिलरिगला लागे आणि तिथे प्रवाशांना एका ट्राममधून उतरून दुसरीत बसावे लागे. १९२० मध्ये लीथ एडिंबरात विलीन झाले. लीथकरांनी तसे होऊ नये म्हणून प्रचंड बहुमताने कौल दिला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. थेट ट्राम सुरू व्हायला १९२२ उजाडले. पुढे मोटारी आणि बस वाढल्या आणि १६ नोव्हेंबर १९५६ रोजी शहराची शेवटची ट्राम डेपोत गेली. मुंबईची शेवटची ट्राम त्यानंतर जवळजवळ साडेसात वर्षांनी, ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदरहून दादरला गेली. त्या काळात जगभरच्या शहरांनी रूळ उखडले. आज त्यांतली अनेक शहरे तेच रूळ नव्याने टाकत आहेत आणि त्यासाठी कितीतरी पटींनी अधिक पैसे मोजत आहेत.

एडिंबराने हे काम २००० नंतर हाती घेतले. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने ट्रामसाठी दोन कायदे केले. ठरलेला पहिला टप्पा विमानतळापासून थेट न्यूहेवनपर्यंतचा, साडेअठरा किलोमीटरचा होता आणि अंदाजपत्रक होते ५४ कोटी ५० लाख पौंडांचे. त्यातले ५० कोटी स्कॉटिश सरकारचे आणि बाकीचे महापालिकेचे. २००७ मध्ये सत्तेवर आलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या अल्पमतातल्या सरकारला ही योजनाच नको होती, पण संसदेत इतर पक्षांनी मिळून ती वाचवली. सरकारने मग ५० कोटींच्या वर एक पैसा देणार नाही असे बजावले आणि आपल्या वाहतूक संस्थेतली तज्ज्ञ मंडळी प्रकल्पावरून काढून घेतली. खर्च वाढला तर तो निस्तरायची जबाबदारी अशा रीतीने महापालिकेच्या आणि तिने स्थापन केलेल्या ‘टाय’ नावाच्या कंपनीच्या गळ्यात पडली. एवढ्या मोठ्या बांधकामाचा अनुभव दोघांनाही नव्हता.

घोळ कुठे झाला हे पाहायचे तर मे २००८ चा करारनामा उघडावा लागतो. बिल्फिंगर बर्गर आणि सीमेन्स यांच्या गटाशी झालेल्या या करारातली किंमत ठाम आहे, असे नगरसेवकांना सांगण्यात येत होते. त्याच कराराला जोडलेल्या चौथ्या परिशिष्टात मात्र किमतीमागच्या गृहीतकांची यादी होती. आराखडे अमुक टप्प्याला पोचलेले असतील, रस्त्याखालच्या जलवाहिन्या, गॅसच्या नळ्या आणि केबल आधीच हलवलेल्या असतील, असे त्यात धरलेले होते. एखादे गृहीतक खोटे ठरले की कंत्राटदाराने तशी नोटीस द्यायची आणि जादा पैसे मागायचे. प्रत्यक्षात सही झाली तेव्हा आराखडे अपुरे होते आणि वाहिन्या हलवण्याचे काम उरकलेले नव्हते. साहजिकच शेकडो नोटिसा निघाल्या. २००९ च्या फेब्रुवारीत शहराच्या मुख्य रस्त्यावरचे, प्रिन्सेस स्ट्रीटवरचे, काम भांडणापायी बंद पडले. २०११ मध्ये दोन्ही बाजू एका हॉटेलात मध्यस्थापुढे बसल्या, तेव्हा कुठे गाडे पुढे सरकले. ‘टाय’ गुंडाळण्यात आली. मार्ग यॉर्क प्लेसपर्यंत कापला गेला. ३१ मे २०१४ रोजी ट्राम धावू लागली तेव्हा हिशेब असा होता: साडेअठराऐवजी चौदा किलोमीटर, आणि ५४ कोटी ५० लाखांऐवजी ७७ कोटी ६० लाख पौंड. कर्जावरचे व्याज धरले तर आकडा शंभर कोटी पौंडांपलीकडे जातो.

हे सगळे अनपेक्षित होते, असे एडिंबराला म्हणता येणार नाही. २००४ मध्येच या शहराला सावधगिरीचा एक लेखी इशारा मिळाला होता, आणि प्रकल्प-नियोजनाच्या इतिहासात त्याची नोंद आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते, की माणूस आपल्या कामाचा अंदाज आतून बांधतो. आपला बेत, आपले वेळापत्रक, आपली माणसे एवढेच त्याला दिसते आणि म्हणून अंदाज कमी पडतो. यावर उपाय म्हणजे तसल्याच आधी झालेल्या कामांचे प्रत्यक्ष खर्च बघायचे आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे आपला आकडा वाढवून घ्यायचा. बेंट फ्लिउबिअर या डॅनिश अभ्यासकाने ही पद्धत वाहतूक प्रकल्पांसाठी बसवली आणि जगात ती प्रथम वापरली गेली ती एडिंबराच्या ट्रामवर. योजनेतल्या दुसऱ्या मार्गाचा मूळ खर्च २५ कोटी ५० लाख पौंड धरला होता. त्यावर पंचवीस टक्के राखीव ठेवून प्रवर्तकांनी ३२ कोटींचा आकडा मांडला. अरुप या सल्लागार कंपनीने नव्या पद्धतीने हिशेब केला. खर्च मर्यादेत राहण्याची शक्यता निम्मी हवी असेल तर ३५ कोटी ७० लाख धरा, आणि पाचांतली चार हवी असेल तर ४० कोटी धरा, असे उत्तर निघाले. पहिल्या ट्रामच्या कहाणीत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. अज्ञाताची किंमत कशी काढायची हे या शहराला सर्वांत आधी कळले होते, आणि तरीही सहीच्या वेळी ते अज्ञात एका परिशिष्टात ढकलून दिले गेले.

त्याचा सर्वाधिक चटका लीथ वॉकला बसला. शहराच्या मध्यापासून लीथकडे उतरणारा हा रुंद, गजबजलेला रस्ता. किराणा, बेकऱ्या, इटालियन आइसक्रीमवाले, पब, जुन्या वस्तूंची दुकाने यांनी तो दोन्ही बाजूंनी भरलेला. वाहिन्या हलवण्यासाठी तो पहिल्या वेळी महिनोन्‌महिने खणला गेला. गिऱ्हाईक आटले, काही दुकाने उठली. मग मार्ग कापला गेल्यामुळे तिथे ट्राम आलीच नाही. २०१९ च्या मतदानाआधी तिथल्या दुकानदारांचा रस्ता पुन्हा खोदण्याला विरोध होता, तो या अनुभवातून आलेला होता.

दुसऱ्या खेपेला पैशांची मांडणी वेगळी केली गेली. मुख्य भार कर्जाचा होता. ते महापालिकेने काढायचे आणि ट्रामच्या भावी तिकीट-उत्पन्नातून फेडायचे. शहरातल्या इतर सेवांच्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्यातले तत्त्व. याला दोन गोष्टींचा आधार होता. एक म्हणजे विमानतळ. तिथल्या थांब्याचे तिकीट शहरातल्या तिकिटाच्या तिपटीहून महाग आहे आणि पर्यटक ते देतात. दुसरा आधार खुद्द पहिल्या फसलेल्या प्रकल्पाचा. त्या वेळी न्यूहेवनपर्यंतचा मार्ग धरून २७ ट्राम खरेदी केल्या होत्या. स्पेनच्या काफ कंपनीच्या, प्रत्येकी जवळजवळ ४३ मीटर लांब आणि अडीचशे माणसे नेणाऱ्या. मार्ग कापल्यावर त्यांतल्या कित्येक डेपोत अधिकच्या ठरल्या होत्या. त्यामुळे विस्तारासाठी एकही नवी ट्राम घ्यावी लागली नाही.

तिसरा आधार मात्र नाजूक होता. लोदियन ही शहराची बस कंपनी बहुतांशी महापालिकेच्याच मालकीची. तिने नेहमीच्या लाभांशाखेरीज दोन कोटी पौंडांचा खास लाभांश द्यावा असे ठरले. लीथ वॉकवर याच कंपनीच्या बस भरून धावतात आणि ट्राम नेमके त्यांचेच प्रवासी घेणार. ज्या बसचे उत्पन्न ट्राम कमी करणार, तिच्याच उत्पन्नातून ट्राम बांधायची, हा हिशेब टीकाकारांना कधीच पटला नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. पुढे कोरोनाच्या साथीत बस रिकाम्या पडल्या आणि त्या लाभांशाचा भरवसा उरला नाही. तिकिटे कमी पडली तर तूट अखेर महापालिकेच्याच तिजोरीवर येते, हे कर्जाच्या प्रत्येक मांडणीत गृहीत धरावेच लागते.

खर्चाच्या आकड्याबाबत यावेळी प्रामाणिकपणा होता. सुरुवातीला साडेसोळा कोटींच्या आसपास असलेला अंदाज निविदा आल्यावर, धोक्यांसाठी राखीव रक्कम आणि अतिआशावादावर उतारा म्हणून आणखी भर धरून २० कोटी ७३ लाखांवर नेला गेला. वाढलेल्या आकड्यावर टीका होणार हे ठाऊक असूनही तो मतदानापूर्वीच लोकांसमोर ठेवला. करार झाल्यावर लगेच कुदळ मारली गेली नाही. कंत्राटदारांना काही महिने आराखड्यावर आणि जमिनीखालच्या परिस्थितीवर काम करायला दिले आणि खोदाई नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली.

ट्रामच्या रुळाखालून वाहिन्या का हटवाव्या लागतात, हे एकदा नीट पाहायला हवे, कारण खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा तिथेच जातो. एक कारण सोपे आहे: नळी फुटली तर ती दुरुस्त करायला रूळ उखडावे लागतील आणि ट्राम बंद ठेवावी लागेल. दुसरे कारण विजेचे. वरच्या तारेतून ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह ट्राममध्ये येतो आणि रुळांमधून उपकेंद्राकडे परत जातो. त्यातला थोडा जमिनीत झिरपला तर तो शेजारच्या लोखंडी नळ्यांचा आधार घेतो आणि जिथे नळीतून बाहेर पडतो तिथे धातू झिजवत राहतो. गॅसची नळी अशी वर्षानुवर्षे झिजू देणे परवडत नाही. म्हणून रुळांभोवती विद्युतरोधक आवरण बसवतात आणि नळ्या बाजूला सारतात. सुरक्षेचा खर्च तो हाच, पण अंदाजपत्रकात तो ‘खोदकाम’ या सदरात दिसतो.

पहिल्या वेळी एक कंत्राटदार वाहिन्या हलवून गेला, दुसरा रूळ टाकायला आला आणि त्याला अर्धवट कामे, नकाशावर नसलेल्या नळ्या आणि जुनी तळघरे सापडली. यावेळी रस्त्याचा लांब पट्टा एकदाच पूर्ण बंद करून वाहिन्या, पुरातत्त्वाचे काम आणि रूळ हे सगळे एकाच खोदाईत उरकायचे ठरले. लीथच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर तर पुरातत्त्वज्ञांशिवाय पाऊल टाकणे शक्यच नव्हते. तिथले साउथ लीथ पॅरिश चर्च मूळचे मध्ययुगीन आहे. त्याचे कब्रस्तान पूर्वी आजच्या रस्त्याखालीही पसरलेले होते. वरून रस्ता गेला तरी खालची माणसे तिथेच राहिली. साधारण चौदाव्या ते सतराव्या शतकांत पुरलेल्या ३६० हून अधिक स्त्री-पुरुष-मुलांचे अवशेष हातांनी, ब्रशने, एकेक हाड नोंदवत वर काढले गेले. बंद पडलेल्या रस्त्यावर उभ्या दुकानदारांना दर दिवसाचे नुकसान मोजावे लागत होते, तरी हे काम घाईने उरकणे कोणालाही शोभले नसते. या कामाला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरला होता. दुकानांसाठी २४ लाख पौंडांचा मदतनिधीही ठेवला होता. मालाच्या गाड्यांची व्यवस्था, जाहिरात, आर्थिक आधार अशा कामांना तो लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने काम काही काळ थांबवले, तेव्हा मात्र कोणतेच वेळापत्रक पुरे पडले नाही.

रूळ टाकून झाले की खरा प्रश्न उरतो तो लोकांच्या जिवाचा. रेल्वेगाडी आणि ट्राम यांत एक मूलभूत फरक आहे. रेल्वेचा चालक सिग्नल पाहून गाडी हाकतो. पुढचा पट्टा मोकळा आहे याची हमी यंत्रणा देते. ट्रामचा चालक रस्त्यावर डोळ्यांनी पाहून चालवतो, बसचालकासारखा. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हा नियम. त्यासाठी ट्रामला तीन तऱ्हेचे ब्रेक असतात: मोटारीच वीजजनित्रासारख्या उलट काम करून वेग उतरवतात, चाकांवर घर्षणाचे ब्रेक लागतात आणि संकटात चुंबकीय पट्ट्या खाली येऊन थेट रुळाला चिकटतात. बसची दिशा बदलता येते, ट्रामची येत नाही. म्हणून ट्रामची सुरक्षा थांबण्यावर आणि इशारा देण्यावर उभी असते.

चालकाच्या डोळ्यांवर किती विसंबायचे, हा प्रश्न ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे साऱ्या ब्रिटनपुढे उभा राहिला. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमधल्या सँडिलँड्सच्या तीव्र वळणावर, जिथे ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती तिथे, ट्राम ७३ च्या वेगाने शिरली आणि उलटली. सात प्रवासी गेले. त्यांतले कित्येक फुटलेल्या खिडक्यांतून बाहेर फेकले गेले होते. चालकाचे भान सुटले होते, कदाचित क्षणभर डुलकी लागली होती, असे अपघात-तपास विभागाने म्हटले. अंधारात, पावसात, बोगद्यातून बाहेर पडल्यावर वळण जवळ आल्याची पुरेशी खूण नव्हती आणि ट्रामला आपोआप आवरणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. त्यानंतर वेगावर स्वयंचलित नियंत्रण, चालकाचे लक्ष जोखणारी उपकरणे, सहज न फुटणाऱ्या काचा यांच्या शिफारशी झाल्या आणि देशभरच्या ट्रामसाठी वेगळे सुरक्षा मंडळ उभे राहिले. न्यूहेवनचा आराखडा अंतिम होत होता तो याच काळात.

एडिंबराच्या स्वतःच्या मार्गावरही सप्टेंबर २०१८ मध्ये सॉटन इथे पायवाटेच्या क्रॉसिंगवर एक पादचारी ट्रामची धडक बसून मरण पावला. चालकाने घंटा वाजवली होती, ब्रेकही लावला होता. तपासात निघाले की त्या घंटेचा आवाज पुरेसा मोठा नव्हता. शहरात ट्रामची घंटा मुद्दाम मंजुळ ठेवतात, चौकातल्या लोकांना त्रास नको म्हणून. तीच घंटा मोकळ्या पट्ट्यावर, वेगात, पाठमोऱ्या माणसासाठी अपुरी ठरली. त्यानंतर इशाऱ्याचा आवाज वाढवण्यात आला.

ट्रामच्या सुरक्षेचा सर्वांत अवघड भाग मात्र ट्रामच्या आत नाही, रस्त्याच्या पृष्ठभागावर आहे. ट्रामच्या चाकाला आतल्या बाजूने कडा असते आणि ती बसण्यासाठी रुळात साडेतीन-चार सेंटिमीटर रुंदीची खाच ठेवावी लागते. सायकलचे टायर बहुधा त्याहून अरुंद असते. सायकल रुळाला काटकोनात ओलांडून गेली तर फारसे काही होत नाही. कोन निमुळता झाला की चाक खाचेत जाऊन अडकते किंवा ओल्या पोलादावरून घसरते, आणि सायकलस्वार पुढे फेकला जातो. एडिंबरातल्या अस्थिशल्यविशारदांनी २००९ ते २०१६ या काळात रुग्णालयात आलेल्या अशा १९१ सायकलस्वारांची नोंद अभ्यासली. १४२ जणांचे चाक रुळात अडकले होते. ६३ जणांचे हाड मोडले किंवा सांधा निखळला होता. हे सगळे ट्रामची धडक न बसता. २०१७ च्या मे महिन्यात प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला एका तरुण विद्यार्थिनीचे चाक असेच अडकले, ती मागून येणाऱ्या मिनीबसपुढे पडली आणि गेली. तिच्या मृत्यूनंतर त्या परिसरात सायकलींसाठी रंगीत पट्टे आणि पुढे थांबण्याच्या जागा आखल्या गेल्या, म्हणजे रूळ ओलांडताना कोन सरळ मिळावा. रूळ टाकण्यापूर्वी करायला हवे होते ते काम अपघातानंतर झाले, हे शहराला मान्य करावे लागेल.

लीथ वॉकवर म्हणूनच ट्राम मधोमध, मोटारी तिच्या बाजूने आणि सायकलींना पदपथाला लागून वेगळा मार्ग, अशी आखणी केली. कागदावर ती उत्तम होती. २०२२ मध्ये त्या सायकलमार्गाची छायाचित्रे जगभर फिरली: पांढऱ्या रेषा थोड्या अंतराने तीव्र कोनात डावीकडे-उजवीकडे वळत गेलेल्या. बस-थांबे, माल उतरवण्याच्या जागा आणि दिव्यांचे खांब या साऱ्यांना त्याच पट्ट्यात जागा द्यायची होती. प्रत्येकाने आपली जागा घेतल्यावर उरली ती सायकलला मिळाली. सायकलवर बसून हा रस्ता कोणी मनातल्या मनात एकदा जरी उतरला असता, तर तशी वळणे आखली गेली नसती. टीकेनंतर त्यात फेरबदल करावे लागले. रस्ता जिथे अरुंद होतो तिथे तर ही ऐसपैस मांडणीही जमत नाही. पैशांबाबत अज्ञाताची किंमत आधी मोजायला शिकलेले शहर सायकलस्वाराबाबत तितके काटेकोर राहिले नाही.

मार्च २०२३ मध्ये नव्या रुळांवर चाचण्या सुरू झाल्या. ट्राम माणसाच्या चालीने पुढे सरकत होती आणि फलाटाची कड, खांब, तारा तिला कुठे घासत नाहीत ना, हे तपासत माणसे तिच्याबरोबर चालत होती. ७ जून २०२३ रोजी न्यूहेवनचा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. खर्च ठरलेल्या २० कोटी ७३ लाखांत बसला. २०१९ मध्ये ७५ लाखांच्या घरात असलेले वर्षाचे प्रवासी २०२४ मध्ये १ कोटी २१ लाखांवर गेले. मतदानाच्या वेळी विस्तारानंतरच्या पहिल्याच वर्षी १ कोटी ६० लाखांचा अंदाज सांगितला होता. तो साथीपूर्वीचा होता आणि गाठायला अजून वेळ आहे, कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत.

मार्ग सुरू होऊन तीन महिने झाल्यावर, सप्टेंबर २०२३ मध्ये, लॉर्ड हार्डी यांचा पहिल्या ट्रामवरचा चौकशी अहवाल आला. नऊ वर्षे आणि सुमारे एक कोटी तीस लाख पौंड लागलेल्या त्या अहवालाने ‘टाय’, महापालिका आणि स्कॉटिश मंत्री अशा तिघांनाही दोष दिला आणि टाळता आल्या असत्या अशा चुकांची मालिका मांडली.

आता शहरासमोर पुढचा मार्ग आहे: उत्तरेला ग्रँटनच्या किनाऱ्यापासून दक्षिणेला रॉयल इन्फर्मरीच्या परिसरातल्या बायोक्वार्टरपर्यंत. न्यूहेवनची युक्ती इथे चालणार नाही. विमानतळाची महाग तिकिटे नाहीत, डेपोत उभ्या जादा ट्राम नाहीत, अंतर कितीतरी अधिक. स्कॉटिश सरकारच्या मोठ्या निधीशिवाय तो बांधता येणार नाही. मार्गाच्या उत्तर भागाबद्दल वाद पेटला आहे तो रोझबर्नच्या पायवाटेवरून. जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाणारी ही झाडीची वाट २००६ च्या कायद्यात ट्रामसाठी दाखवलेली होती. मधल्या वर्षांत चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची मोटारींपासून सुटका करणारी ती शहरातली एक आवडती वाट झाली. ट्राम तिच्यातून नेली तर रूळ आणि रहदारी यांचा संबंध टळतो, ट्राम वेगाने आणि बिनधोक जाते. रस्त्यावरून, ऑर्चर्ड ब्रेच्या बाजूने, नेली तर ती वाट वाचते, पण चौकाचौकांत पुन्हा तीच खाच, तीच वळणे आणि तेच सायकलस्वार.